घंटेच्या पट्ट्यातली पाचर

कबुतरांची घाण, वाळून पांढरी झालेली.

नवे बूट, अजून चावणारे.

कंपासपेटीत खोडरबराचा वास.

लाकूड आटते. लोखंड आटत नाही.

"जेव आधी."

मित्रांनो, मी एक जुनी पाचर आहे. पाचर म्हणजे एका बाजूने निमुळता केलेला लाकडाचा तुकडा. मी तुमच्या तळहाताएवढी असेन. चर्चच्या मनोऱ्यात एका जाड तुळईला मोठी घंटा टांगलेली आहे. तिला धरणारा लोखंडी पट्टा तुळईवरून जातो. पट्टा आणि तुळई यांच्यातल्या फटीत सुताराने मला ठोकून बसवले होते. पलीकडच्या बाजूला माझी जुळी बहीण होती. 'अमक्याने मध्येच पाचर मारली' म्हणत लोक नाक मुरडतात. आम्ही मात्र होतो म्हणून घंटा जागेवर होती.

घंटेचे कौतुक सगळीकडे होई, आमच्याकडे कुणी पाहत नसे. त्याचे दुःख नव्हते. हवा कोरडी झाली की घंटा वाजवणारे आजोबा हातोडा घेऊन वर येत. "चला पोरींनो, डोकी पुढे करा," म्हणत आणि दोघींना एकेक ठोका घालत. दुखे, पण बरे वाटे.

पुढे घंटेचा आवाज स्पीकरवरून येऊ लागला. आजोबा येईनासे झाले. आम्ही आटत गेलो. एका दुपारी माझी बहीण घसरून कबुतरांच्या घाणीत पडली. आवाजही झाला नाही. मीही सैल होते, पण जागेवर होते. घंटा हलली की मी फटीत दाबली जाई आणि पट्टा सरकत नसे. आता एवढाच आधार उरला होता.

मग मनोरा मुलांना दाखवायला खुला झाला. मुलांना वर आणणाऱ्या गाईडताई हसऱ्या होत्या. त्यांचा एक नियम होता: त्या दिवशी ज्याचा वाढदिवस असेल, त्यानेच घंटेखालच्या खोलीत उभे राहून दोर ओढायचा. बहुतेक दिवशी कुणाचाच वाढदिवस नसे. घंटा गप्प राही आणि मी मनात म्हणे, सुटले.

एकदा दोन वेण्यांची एक मुलगी शिडीवरून घंटा पाहायला आली. तिने मला सहज हलवले. मी हातात आले.

"अगं, हे सैलच आहे," ती मैत्रिणीला म्हणाली.

"मग टाक खिशात. फळकूट तर आहे."

तुळई करकरली. खालून गाईडताई म्हणाल्या, "घाबरू नका, जुनी लाकडं बडबडतात."

मी कंपासपेटीत राहू लागले. एका रात्री जेवताना तिचा धाकटा भाऊ म्हणाला, "उद्या आमची सहल मनोऱ्यावर. आणि उद्या वाढदिवस माझा. म्हणजे दोर कोण ओढणार?"

मुलीचा घास हातातच राहिला. तिने मला आणून बाबांपुढे ठेवले. "बाबा, हे मी घंटेजवळून काढलं होतं. पट्टा अडवायला तिथे दुसरं काही नव्हतं."

बाबांनी मला उलटेपालटे केले. "एवढ्याशा लाकडावर घंटा टांगलेली नसते गं राणी. जेव आधी."

"तुला दोर मिळाला नाही ना, म्हणून जळतेस," भाऊ म्हणाला.

"जळत नाहीये रे. तू ओढू नकोस, एवढंच."

"जळकी."

"पुरे," आई म्हणाली. "उद्या वाढदिवस आहे त्याचा."

सकाळी मुलीने मला भावाच्या दप्तरात घातले. "दोराला हात लावायच्या आधी हे गाईडताईंना द्यायचं. काय सांगितलं?"

"आधी द्यायचं." तो आपल्या नव्या बुटांकडे पाहत होता.

आता मी त्याच दप्तरात आहे. "दप्तरं इथेच खाली ठेवा, जिना अरुंद आहे," असे गाईडताई म्हणाल्या. माझ्यावर आणखी दप्तरे येऊन पडली. पावले गोल गोल वर गेली. त्यांत एका जोडीचा आवाज नव्या बुटांचा होता.

मित्रांनो, सैल झालेली वस्तू निकामी नसते. ती उपटायची नसते, ठोकून घट्ट करायची असते. आणि एखादे मूल काही सांगत असेल, तर जेवण थांबवून ऐकायचे असते.

वर कुणीतरी विचारते आहे, "आज वाढदिवस कुणाचा?"

दोर ताणला जातो आहे. तो आवाज मी ओळखते.

घंटा बसवली त्या दिवशी आम्हा दोघींवर भरवसा ठेवून सुताराने आपल्या मुलीला दोराजवळ उभे केले होते. पहिला टोला तिनेच दिला.