मी कधीच न पाहिलेला भोवरा

एक ओला नाडा.

विहिरीकडे चढत जाणारा उतार.

गेरूत बुडवलेला पंजा.

एका म्हाताऱ्याचे दात नसलेले हसू.

जांभळ्या वांग्यांच्या टोपल्या, ओळीने.

आणि माझ्याच अंगावरची एक जागा, जी मी आजवर पाहिलेली नाही.

मित्रांनो, हे सारे एका ठिकाणी ठेवले की मी तयार होतो. मी एक म्हातारा बैल आहे. दात झिजले आहेत, डाव्या डोळ्याला धूसर दिसते. शिरपूरच्या वाटेवरच्या एका मळ्यात बाभळीखाली बसून मी दिवसभर रवंथ करतो. आज गवताऐवजी गोष्ट चघळतो आहे, एवढेच.

माझ्या पाठीवर, शेपटीच्या थोडे अलीकडे, केसांचा एक भोवरा आहे. असे म्हणतात. मान कितीही वळवली तरी माझी नजर तिथवर पोचत नाही. तो मला माहीत आहे तो लोकांच्या तोंडून.

उकंडराव पाटलांच्या गोठ्यात मी वाढलो. वासरू असताना मी फार उड्या मारत असे. आपण देखणे आहोत, असे मला वाटे; का वाटे ते सांगता येणार नाही, वाटे खरे. मग एक दिवस बैलांची पारख करणारा कोणी पाहुणा आला. त्याने माझ्या पाठीवर बोट रोखले.

"पाटील, हा भोवरा खोटा हाय. असा बैल मालकाले खाते."

मी त्या दिवशी कडबा खाल्ला होता. मालक खाण्याचा विचारही माझ्या मनात आला नव्हता. पण माझे दावे गोठ्याच्या अंधाऱ्या टोकाला गेले आणि माझे नाव भोवऱ्या पडले. पोळ्याच्या आदल्या दिवशी साऱ्या बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी लावून "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असे आमंत्रण देतात. माझ्यापर्यंत येता येता वाटीतले लोणी संपलेले असे.

ज्याला स्वतःची पाठ दिसत नाही, त्याला लोक सांगतील तीच पाठ खरी वाटते. मी मान खाली घालून चालू लागलो. इतकी खाली, की लोक म्हणाले, "पाहा, चाल बी खोटीच."

*

गावात मला कोणी घेणार नव्हते, म्हणून मला मालेगावच्या बाजारात उभे केले. तीन बाजार झाले. गिऱ्हाईक दात पाही, खूर पाही, खूश होई, मग मागे जाई आणि गप्प होई. मी गिऱ्हाइकाच्या पावलांचा आवाज ओळखायला शिकलो होतो. मागे जाणारी पावले ऐकली की माझे अंग आपोआप आक्रसे.

चौथ्या बाजारी रंगूबाई आली. ती आमच्याच गावची, वांगी-मिरची पिकवणारी. नवरा वारलेला. तिच्या मोटेच्या जोडीतला एक बैल नुकताच रोगाने गेला होता, आणि एका बैलावर मोट चालत नाही. चैत्र लागला होता. रोपे माना टाकू लागली होती. सोबत तिचा दीर मारोतराव होता. त्याचा तिच्या मळ्यावर डोळा होता, हे बैलांनाही ठाऊक होते.

"वैनी, ह्याले काहून पाहून राह्यल्या? पाटलानं काढून टाकलेला हाय. मालकाले खाते म्हन्ते."

"मालक त आधीच गेला, भाऊजी. आता याले खायले काय रायलं?"

"तुमी रायल्या ना!"

"मले खाईन त पस्तावंन. लय कडू हावो मी."

तिने आणलेली मिरच्यांची पोती बाजारातच राहिली आणि मी तिच्यामागे निघालो. वाटेत मारोतराव म्हणाला, "आठ दिवसांत मोट चालली नाई, त मळा मी कसतो. तुमी घरी सुखानं बसा." सोबतच्या भावकीतल्या सगळ्यांनी त्याला मान डोलावली. रंगूबाईने डोलावली नाही.

*

मित्रांनो, तुम्ही मोट पाहिली नसेल. ती चामड्याची मोठी पिशवी, विहिरीत सोडतात. बैल उतारावरून खाली चालले की नाड्याने, म्हणजे तिला बांधलेल्या दोराने, ती भरून वर येते आणि पाणी पाटात पडते. मग बैलांना उलट्या पावलांनी, न पाहता, विहिरीच्या काठापर्यंत मागे यावे लागते. मागे म्हणजे पाठीच्या बाजूला. मागे म्हणजे जिथून आजवर मला फक्त बोटे दाखवली गेली होती.

खाली मी नीट गेलो. मागे येताना उतारावर मध्येच थिजलो. जोडीदार चांद्या ओढाताण करू लागला, नाडा गुंतला, मोट विहिरीच्या भिंतीवर आपटली. दुसरा दिवस तसाच. तिसराही. कुंपणापलीकडून मारोतराव हसे.

"वैनी, कोनाचा दम आधी सरते? बैलाचा का वांग्याचा?"

चौथ्या दिवशी रंगूबाईने काठी दूर फेकली. ती माझ्या मागे आली. पावले ऐकून मी आक्रसलो. तिने आपला तळहात सपाट, जसा भाकरी थापताना असतो तसा, माझ्या पाठीवर ठेवला. नेमका तिथेच.

"हेच ना रे ते?" ती म्हणाली. "माह्या हाताएवढीच जागा हाय. चाल, भोवऱ्या. मी मांगंच हावो. पडू देत नाई तुले."

नाव तेच होते. पण ते मला पहिल्यांदाच हाक मारल्यासारखे वाटले.

मी एक पाऊल मागे टाकले. हात तिथेच होता. दुसरे टाकले. हात तिथेच. अशी चौदा पावले मी चाललो आणि माझे खूर विहिरीच्या काठाच्या दगडाला लागले. मग खाली. मग मागे. आठव्या दिवशी शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचले. मारोतराव त्या दिवशी कुंपणाशी आला नाही.

त्या उन्हाळ्यात गावातल्या बाकीच्या विहिरी आटल्या आणि त्या मळ्यांनी भाजी सोडून दिली. रंगूबाईच्या विहिरीत पाणी होते; तिची वांगी आषाढापर्यंत निघत होती, ओळीने टोपल्या भरून घराघरांत जात होती.

*

पोळा आला. आदल्या दिवशी तिने माझे खांदे चोळले आणि वाटी माझ्यापासूनच सुरू केली.

मारोतराव म्हणाला, "न्यायचंच असंन त निदान झूल टाका पाठीवर. लोकायच्या नजरंले कायले आनता?"

रंगूबाईने झूल घडी करून बाजूला ठेवली. गेरूत पंजा बुडवला आणि माझ्या भोवऱ्यावर उमटवला. पाची बोटे, लालभडक.

गावच्या तोरणाखाली जोड्या ओळीने उभ्या होत्या. आम्ही पोचलो तशी कुजबूज झाली. "अरे, थो भोवऱ्या... हटवा त्याले." तोरणापाशी उकंडराव पाटील उभे होते. मी मान खाली घातली. सवय होती.

रंगूबाई म्हणाली, "हटवा ना, पाटील. फकत ज्याच्या घरी ह्या बैलाच्या पान्यावरचं वांगं शिजलं नाई, त्यानं यावं आन् हटवावं."

कोणी हलले नाही. एक बैल शिंकला. मग म्हातारा जगदेव आपल्या बोळक्या तोंडाने हसला.

"मी त बाप्पा दोनदा वाढून घेतलं! मारोत्या, तू किती खाल्ले रे?"

हसण्याची लाट उठली. त्यात मारोतरावही अडकला. पोट भरलेल्या माणसाला दुसरे काय करता येते? उकंडरावांनी माझ्या पाठीवरच्या पंज्याकडे बराच वेळ पाहिले. "घ्या," ते म्हणाले, "आत घ्या जोडी. अन् मधात उभी करा."

मी मान वर केली. आंब्याची पाने माझ्या शिंगांना लागली. मित्रांनो, तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी इतकी वर्षे मान खाली असल्यामुळे कळली नव्हती. मी चांद्यापेक्षा दोन बोटे उंच आहे!

भोवरा आजही आहे तिथेच आहे. तो खोटा असेल, खरा असेल. मी अजून पाहिलेला नाही आणि आता पाहायची घाईही नाही. तुम्हा प्रत्येकाला अशी एक न दिसणारी पाठ आहे. तिच्याबद्दल कोणी काही सांगितले, तर ऐका. पण त्याने तिथे कधी हात ठेवला होता का, हेही विचारा. आणि दुसऱ्याच्या पाठीबद्दल बोलायचे झाले, तर आधी आपला तळहात सपाट करा.

ज्या सकाळी मी जन्मलो, त्या सकाळी आईने मला चाटायला सुरुवात केली ती शेपटीच्या थोडे अलीकडून, त्याच जागेपासून.