लोमोला लागलेला लव्हेंडरचा वास

मी चिंधी बोलतेय. पुरती चिंधीसुद्धा नाही, चिंधीचा कोपरा म्हणा. बाकीची मी जळून गेले. उबाते गावात बेलिसारियो किंबायच्या घरामागे अंगण आहे, तिथे एका खिळ्याला मी लटकलेय. तोंड दाखवायला जागा राहिलेली नाही, पण सांगितल्याशिवाय चैनही पडत नाही.

जन्माने मी पिठाची पिशवी. अंगावर गव्हाच्या लोंबीचा निळा शिक्का. बेलिसारियोची बायको ओतिलियाबाई बेकरीतून रिकाम्या पिशव्या मागून आणायच्या, उसवायच्या, चौकोनी कापून कडा दुमडायच्या आणि बारीक टाक्यांनी शिवायच्या. अशा आम्ही बहिणी बहिणी एका खणात घड्या घालून राहायचो. भांडी पुसायला आम्हाला कुणी हात लावायचा नाही. आम्ही लोमोच्या होतो.

लोमो म्हणजे बैलाच्या कण्याखालचा सगळ्यात मऊ मांसाचा तुकडा. घरात काही मोठं असलं, कुणाचं लग्न ठरलं की खणातून एक बहीण बाहेर निघायची. तिला ओलं करून पसरायचं, वर जाड्या मिठाचा बोटभर थर, त्यावर लोमो. मग घट्ट गुंडाळून सुतळीने बांधायचं आणि सरळ निखाऱ्यांत ठेवून द्यायचं. फडकं जळतं, मिठाचं कवच होतं, आत मांस गुलाबी आणि मऊ राहतं. कवच फोडलं की पाहुणे टाळ्या वाजवायचे. बेलिसारियो मिशा पुसत म्हणायचा, सगळा खेळ विस्तवाचा आहे.

असेलही. पण आदल्या दिवशी ओतिलियाबाई ते फडकं नुसत्या पाण्यात खळखळ उकळायच्या, गवतावर वाळवायच्या आणि पुन्हा उकळायच्या. साबणाचं बोट लागू द्यायच्या नाहीत. आम्हाला हे खणाच्या फटीतून दिसायचं. बेलिसारियोला दिसलं नाही, कारण त्याने कधी तिकडे पाहिलंच नाही. बाईंनीही कधी बोलून दाखवलं नाही.

बाई गेल्या आणि खणाची शिस्तही गेली. मी शेवटची उरलेली, ती ओट्यावर आले. कांद्याचे हात, तेलकट तवा, उतू गेलेलं दूध, कुत्र्याचे चिखलाचे पाय, सगळं माझ्याच वाट्याला आलं. माझा आंबूस वास यायला लागला. बाईंची एकुलती एक लेक नोहोरा मला चिमटीत धरून उचलायची. तिचं काही चुकत नव्हतं, पण मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग नोहोराला मागणी घालायचं ठरलं. मुलगा येसिद, चीज करणाऱ्यांच्या घरचा, स्वभावाने गरीब. धास्ती होती ती त्याच्या आईची. ओतिलिया गेल्यापासून त्या घरातला स्वयंपाक म्हणजे बापलेकीची भातुकली आहे, असं या एर्सिलियाबाई भर बाजारात म्हणाल्या होत्या. ते फिरत फिरत नोहोराच्या कानावर आलं. येसिद आईचा शब्द मोडणाऱ्यातला नव्हता, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. मागणी घालायला ते जेवायला येणार होते, आणि त्या एका जेवणावर तिचं सगळं येऊन ठेपलं होतं.

"लोमो करू," बेलिसारियो म्हणाला. "लोमोपुढे अजून कुणी नाक मुरडलेलं नाही. फडकं तेवढं सुती बघ, आणि स्वच्छ."

दुकानातून आणलेली फडकी सगळी नायलॉनमिश्रित, विस्तवात वितळणारी. शोधता शोधता तिला माझ्यावरची पुसट लोंब दिसली. आईचे टाके तिने ओळखले. मला छातीशी धरलं, आणि मग धुवायला घेतलं. साबणाने एकदा धुतलं, मन भरलं नाही म्हणून पुन्हा धुतलं. शेवटी जांभळ्या बाटलीतलं, कपडे मऊ करायचं लव्हेंडरचं पाणी बादलीत ओतलं आणि मला त्यात रात्रभर बुडवून ठेवलं.

हे चुकतंय, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. जीभ नाही म्हणून गप्प बसले असं म्हणता येईल. पण खरं सांगते, मला ते आवडलं. इतके दिवस कांद्याचा वास मिरवल्यावर मी नव्या नवरीसारखी दरवळत होते. दोरीवर वाऱ्याने झुलत होते. शेजारीण येऊन हुंगून गेली तेव्हा तर मी अशी फुलले की विचारू नका. त्या दिवशी मला जीभ असती, तर मी म्हटलं असतं, अजून एक झाकण ओत गं. याचीच मला लाज वाटते.

दिवेलागणीला पाहुणे आले. अंगणात टेबल मांडलेलं, वर पिवळे उकडलेले बटाटे, आवोकाडो, आही म्हणजे मिरचीची जहाल चटणी. बेलिसारियोने मीठ पसरलं, लोमो ठेवला, मला आवळून बांधलं. निखाऱ्यांवर अंग भाजायला लागलं तशी माझी सगळी ऐट माझ्यातून सुटून मिठात गेली आणि मिठातून मांसात. मला कळत होतं आणि काही करता येत नव्हतं.

कवच फुटलं, टाळ्या झाल्या, पानांत तुकडे पडले. येसिद एकच घास घोळवत बसला होता.

एर्सिलियाबाईंनी काटा खाली ठेवला. "बेलिसारियोराव, हे मांस आहे की माझ्या उशीचा अभ्रा?"

नोहोरा उभी राहिली. मान खाली. "फडकं मी धुतलं. साबणाने, आणि वर त्या जांभळ्या बाटलीतल्या पाण्याने. मला वाटलं, तुमच्यापुढे स्वच्छ असावं." मी लाजेने काळी पडले म्हणायचीही सोय नव्हती, विस्तवाने आधीच काळी ठिक्कर झाले होते.

"मग कशाने धुतात?" बेलिसारियोने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"नुसत्या पाण्यात उकळतात," एर्सिलियाबाई म्हणाल्या. "ओतिलिया काय करायची ते कधी पाहिलं नाहीत?"

"नाही पाहिलं," तो म्हणाला. "एवढी वर्षं टाळ्या मी घेतल्या, आणि निम्मं काम तिचं होतं. पोरीला बोल लावू नका, बाई. तिला मी सांगायला हवं होतं, आणि मलाच ठाऊक नव्हतं."

मग त्याने आपल्या पानातला तुकडा उचलला आणि खाल्ला. दुसराही खाल्ला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते आहीमुळे असं कुणी म्हणालं नाही. एर्सिलियाबाई त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. बटाटे खाऊन, मागणीबद्दल अवाक्षर न काढता, त्या लेकाला घेऊन निघून गेल्या. नोहोरा भांडी घासताना रडली. बेलिसारियो राख भरत होता. सुतळीच्या गाठीखाली माझा कोपरा वाचला होता, लोंबीचं टोक आणि बाईंचे चार टाके त्यावर होते. त्याने मला झटकून खिळ्याला अडकवलं.

पुढच्या रविवारी येसिद दारात आला, हातात रिकाम्या पिठाच्या पिशव्यांचं गाठोडं, चेहरा लालबुंद. आईने निरोप पाठवला होता, "लग्नाला लोमो लागेल. फडकी आतापासून शिवायला घ्या. आणि ती जांभळी बाटली माझ्याकडे पाठवून द्या, म्हणजे मला झोप लागेल."

आज अंगणात मोठं भांडं चुलीवर आहे. बाह्या सरसावून बेलिसारियो स्वतः पिशव्या उकळतोय, त्याच्या मिशांना वाफ लागलीय. नव्या बहिणींनो, माझ्यासारखं दरवळायच्या नादाला लागू नका. आपला मान दरवळण्यात नाही गं.

आत्ताच त्याने एक पिशवी गवतावरून उचलली, नाकाशी धरली आणि नोहोरापुढे केली. "कसला वास येतोय का बघ."

तिने हुंगलं. "कसलाच नाही, बाबा."

त्याने पिशवी पुन्हा नाकाशी धरली. "हो," तो म्हणाला. "तुझ्या आईच्या कामाला कधीच कसला वास आला नाही."