टाळता येण्यासारखा खर्च

"आत्या, हे दर शनिवारचे पैसे कुठे जातात?" ताईने मोबाइल तिच्यापुढे धरला. त्यावर एक रंगीत चकती होती आणि तिचा एक तुकडा लालभडक झाला होता.

"सिनेमाला."

"दर शनिवारी? कुणाबरोबर?"

"एकटीच जाते. खुर्ची मऊ असते आणि तिथे कुणी हाक मारत नाही. अर्धा सिनेमा तर झोपेतच जातो."

"म्हणजे झोपायला तिकीट काढतेस."

आत्या हसली. ताई हसली नाही. तिने सिनेमा 'टाळता येण्यासारखा खर्च' या खणात टाकला. जाता-येतानाची टॅक्सीही त्यातच गेली.

हाडांच्या इस्पितळात प्लास्टर चढवण्यात आत्याची हयात गेली होती. तिथे सगळे तिला प्लास्टरबाई म्हणत. भाऊ आणि वहिनी एकाच अपघातात गेले आणि त्यांची दोन पोरं तिच्या पदरात पडली. ताई नुकती शाळेत जायला लागली होती, राजा अजून रांगत होता. त्यानंतर आत्याच्या लग्नाचा विषय कुणी काढला नाही, तिनेही नाही. पोरं शिकली, आपापल्या संसाराला लागली आणि तोवर उभं राहून राहून आत्याचे दोन्ही गुडघे कामातून गेले. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा ठरलं, त्यात थोडी भर घालायची आणि गुडघे बदलून घ्यायचे. ती भर कशी घालायची, यावरून मात्र बहीण-भावाचं जुळेना.

ताईचं म्हणणं, पैसे बँकेत राहू देत आणि खर्चाला वेसण घाला. त्यासाठी तिने स्वतः वापरते तेच बजेटचं अ‍ॅप आत्याच्या खात्याला जोडून दिलं. राजाला हे ऐकूनच हसू आलं.

"ताई तुला चहाचे घोट मोजायला लावेल," तो म्हणाला. "पैशाला कामाला लाव. पैसे क्रिप्टोत घालायचे, प्लॅटफॉर्म चालवणारी कंपनी ते गरजवंताला कर्जाऊ देते, व्याज तुझं. बँकेच्या तिप्पट. माझेही तिथेच आहेत. त्या कंपनीत माझा मित्रच आहे."

"आणि घेणाऱ्याने बुडवले तर?"

"तारण ठेवून देतात गं. तू एकाऐवजी दोन सिनेमे बघ."

आत्याला व्याजाचं गणित कळलं नाही. कळलं ते एवढंच, की ताई तिच्या शनिवारावर लाल रंग फासतेय आणि राजा म्हणतोय, जा. लहानपणीही राजा गळ्यात पडला की ती विरघळायची. तिने अ‍ॅप काढून टाकलं आणि सगळे पैसे राजाच्या हवाली केले. ताई म्हणाली, "कर काय करायचं ते. मग माझ्याकडे रडत येऊ नकोस."

वर्षभर सगळं आलबेल होतं. रोज सकाळी मोबाइलवर व्याज वाढलेलं दिसे. शस्त्रक्रियेची तारीखही मिळाली. पैसे भरायचे म्हणून तिने ते काढायला घेतले, तर उत्तर आलं, काही काळ पैसे काढता येणार नाहीत, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

राजा फोनवर म्हणाला, "थांब थोडी. सुटतील." त्यानंतर तो फोन उचलेनासा झाला. पुढे कंपनीचं दिवाळं वाजल्याची बातमी आली.

आत्याला काळजी लागली ती राजाची. आपण काय, पिकलं पान. त्याचं लेकरू लहान, त्याचेही सगळे पैसे तिथेच अडकले. पोराने जिवाचं काही बरंवाईट केलं तर? त्याला द्यायला तिने आपल्या आईच्या सोन्याच्या बांगड्या रुमालात बांधल्या आणि कठड्याला धरत धरत राजाचे तीन जिने चढली.

दार उघडंच होतं. आत दोन सुतार स्वयंपाकघराची नवी कपाटं बसवत होते. राजाच्या बायकोने खुर्ची पुसून दिली, हातात चहा दिला.

"धुळीकडे बघू नका हं, आत्या. कधीपासून करायचं होतं. बरं झालं, ह्यांनी महिनाभर आधीच पैसे काढून घेतले, नाहीतर आमचंही..." बोलता बोलता तिने जीभ चावली. आत्याला ठाऊक नाही, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

राजा आतून आला आणि उभाच राहिला.

"तुला माहीत होतं?" आत्याने विचारलं.

"मित्राने कानावर घातलं होतं. कुणाला सांगू नकोस, म्हणाला. सगळ्यांना सांगितलं असतं तर सगळेच धावले असते, आत्या. मग माझेही अडकले असते."

"मी सगळ्यांत?"

सुताराने भोक पाडायचं मशीन लावलं. ते थांबल्यावर राजाने नव्या कपाटाचं दार उघडून-मिटून पाहिलं. आत्याने चहा संपवला, रुमाल पर्समध्ये खाली दडपला आणि जिना उतरली. उतरताना गुडघे जास्त दुखतात.

शस्त्रक्रिया राहिली ती राहिलीच. घरभाडं झेपेना, तेव्हा ताईने तिला आपल्याकडे नेलं. "मी सांगितलं होतं," हे ती पहिल्या आठवड्यात रोज म्हणाली, नंतर लागेल तसं. बांगड्या विकल्या, ते पैसे जमेच्या बाजूला लागले. ताईच्या अ‍ॅपमध्ये वीज आणि किराणा यांच्यामध्ये एक नवा खण झाला, 'आत्या'. त्याला मर्यादा होती. एकदा वेदनाशामक गोळ्यांनी ती ओलांडली, तेव्हा ताई नवऱ्याला म्हणाली, "अर्धी गोळी घेतली तरी चालते, मी विचारलंय." आत्या शेजारीच बसली होती. शनिवारी ती घरीच असे.

एका दुपारी राजा आला. ताई कामावर होती. आत्या टेबलाशी बसून वाटाणे सोलत होती. तो इकडचं तिकडचं बोलला, लेकराच्या शाळेचं, उन्हाचं. आत्या हूं हूं करत राहिली.

"आत्या, पाणी दे ना."

तिची मान सवयीने वर झाली. पण ती उठली नाही.

"नळाला आहे," ती म्हणाली. "ग्लास कपाटात."

राजा उठला. त्याने एक कपाट उघडलं, त्यात डबे होते. दुसऱ्यात ताटं होती. त्याने मागे वळून पाहिलं. आत्याने पुढची शेंग उचलली. तो तिसरं कपाट उघडत होता. ग्लास कोणत्या कपाटात, ते तिने सांगितलं नाही.