स्वालाचे नाल उतरले

टूरेने चौथा नाल उपटून बादलीत टाकला, तेव्हा स्वालाने मान ताठ केली. गुन्वोरच्या ते ध्यानात आलं नाही. ती घोडीच्या पुढच्या पायांकडे पाहत होती. गुडघ्याखालच्या शिरा, म्हणजे कंडरा, जाड, गाठाळ झालेल्या. दुखणं अकरा वर्षांचं. खुरांच्या कडा आता इतक्या ठिसूळ झाल्या होत्या की खिळा धरेना. पशुवैद्य म्हणाले होते, अनवाणी ठेवून पाहा. पण त्यातली एखादी शीर पुन्हा फाटली, तर मात्र तिला कायमचा निरोप द्यायचा.

टूरे गुन्वोरचा भाचा, सगळ्या पंचक्रोशीचा नालबंद. महिनाभर मऊ कुरणात राहू दे, खूर आपोआप घट्ट होतील, असं सांगून तो गेला.

पण स्वाला चरेचना. कुंपणाच्या कडेकडेने येरझाऱ्या घालायची, कोपऱ्यावर गर्रकन वळायची. त्या प्रत्येक वळणाला गुन्वोर तिचे पुढचे पाय निरखायची. दुसऱ्या दिवशी घोडी घामाने निथळत होती. खूर दुखत असतील म्हणावं, तर लंगडत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्याचा ट्रक खडखडत आला, तशी ती फाटकाशी जाऊन उभी राहिली. कान पुढे, अंगभर थरथर.

गुन्वोरने ते उभं राहणं ओळखलं. ऑस्टरसुंडच्या शर्यतीच्या मैदानावर किती वेळा पाहिलेलं! दोनचाकी गाडी ओढत धावायच्या दुडक्या चालीच्या शर्यतीत पाय हलके व्हावेत म्हणून त्याच दिवशी चारही नाल काढायचे. एरवी दर दोन महिन्यांनी एकेक जुना काढून लगेच नवा ठोकायचा. चारी पाय मोकळे म्हणजे शर्यत. अकरा वर्षांपूर्वी, शेवटच्या शर्यतीच्या नोव्हेंबरातही तसंच. जमीन थंडीने दगड झालेली. राहू देत नाल, असं तिचा नवरा हेल्गे परोपरीने सांगत होता. तिनेच ऐकलं नाही. स्वाला जिंकली आणि तीन पायांवर परत आली. लोक मात्र हेल्गेचा हात हातात घेऊन अभिनंदन करत होते.

तिने टूरेला बोलावून सगळं सांगितलं.

"आत्या, एकवीस वर्षांची म्हातारी ती. तिला कसलं आठवतंय?"

"तुला काल रात्री काय जेवलास ते आठवत नाही, म्हणून तिलाही आठवू नये होय?"

"बरं बाई. मग करायचं काय? नाल तर बसत नाहीत."

"तिची शर्यत संपवायची."

माळ्यावरून जुना साज उतरवला, दोनचाकी गाडी जोडली. एकदा जरी दुडकी चाल धरली तरी पाय जाईल, असं टूरे बजावत राहिला. गुन्वोर गाडीत बसलीच नाही. लगाम तोंडाजवळ धरून ती चालू लागली, कमरेतली कळ दाबत. स्वाला खेचत होती, फुरफुरत होती. ओढ्यापर्यंत नेली आणि वळवली. दोघींनाही ते अंतर पुरं झालं.

मग साज काढला. कोमट पाण्याने मान, छाती, पाय पुसले. लोकरीचं पांघरूण घातलं. अंगणात हळूहळू फिरवून ओल्या कोंड्याची बादली पुढे ठेवली. सगळं त्याच क्रमाने, मैदानामागच्या तबेल्यात व्हायचं तसं. स्वालाने एक दीर्घ उसासा टाकला आणि तोंड बादलीत घातलं.

गुन्वोर वाकली. डाव्या पायाची शीर चाचपली. ऊन लागत होती, म्हणजे पुन्हा दुखावली? की ओला झालेला आपलाच हात गार पडला होता? तिला कळेना.

"टूरे, तू बघ."

त्याने पाय बराच वेळ धरून ठेवला.

"गार आहे, आत्या."

"उजवा?"

"तोही गार."

ती उभी राहिली, हात पुसले, परत घोडीच्या पायाशी वाकली.

"आता डावा पुन्हा बघ," ती म्हणाली.