कपाटातलं ऑफिस

"अगं, मी बोलतेय, तुझी सासू," आई फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होत्या आणि पलीकडून सून मधाळ आवाजात म्हणत होती, "कृपया प्रतीक्षा करा. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

डोळे तपासायची वेळ ठरवायला म्हणून आईंनी दवाखान्यात फोन लावला होता. तिथे सून कशी पोचली आणि पोचली तर सासूला ओळख का देत नाही, हे त्यांना उमजेना. शेवटी फोन आपटून त्या तणतणत आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी कपाटाचं दार सताड उघडलं.

सून आतच होती. आवाज घुमू नये म्हणून टांगलेल्या रजयांच्या मधोमध, गाऊनवर, माइकसमोर.

"तू इथे? मग दवाखान्यात कोण आहे?"

सुनेने कपाळाला हात लावला. अर्ध्यावर आलेली टूथपेस्टची जाहिरात वाया गेली होती.

नोकरी सोडून ती घरून आवाजाची कामं करू लागली, तेव्हापासून आईंच्या लेखी ती रिकामीच होती. वर साहेब नाही, गाड्या पकडायची धावपळ नाही, हे त्यांना पटायचं. पण सर्दी झाली की धंदा बंद, आणि कधी आठवडेच्या आठवडे कुणी विचारत नाही, असलं कसलं काम? शेजारीपाजारीही घराच्या किल्ल्या, पार्सलं, नळवाले, सगळं तिच्याच गळ्यात मारायचे. ती काय, घरीच असते. नातेवाइकांना आई सांगायच्या, कपाटात बसून एकटीच बडबडते, बाकी स्वभावाने चांगली आहे.

दवाखान्याच्या फोनवरचा आवाज आपणच मागे रेकॉर्ड करून दिला होता, हे सुनेने आता समजावून सांगितलं. आई पलंगाच्या कडेला टेकल्या.

"रोज किती माणसं ऐकत असतील गं?"

"असतील शेकड्यांनी."

"आणि तू थांबा म्हटलंस की थांबतात?"

"थांबावंच लागतं त्यांना, आई."

"या घरात माझ्या सांगण्यावरून कधी कुणी थांबलं नाही," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

जाहिरात संध्याकाळपर्यंत पाठवायची होती, नाहीतर काम दुसरीकडे जाणार होतं. आईंनी कपाटाचं दार स्वतः लावलं. मग फ्रिजची घरघर ऐकू आली, म्हणून त्याची पिन काढली. दुधाचं काय होईल ते होवो. वरच्या मजल्यावरची बाई नळवाल्यासाठी किल्ली द्यायला आली, तर तिला दारातच अडवून हळू आवाजात सांगितलं, "ती ऑफिसात आहे. सुटली की सांगते."

बाईने आत डोकावून पाहिलं. घरात तर कुणीच दिसत नव्हतं. ती किल्ली घेऊन परत गेली.

आई खुर्ची ओढून कपाटाबाहेर पहाऱ्याला बसल्या. आतून दातांचं गुणगान पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. इतक्यात त्यांच्या घशात खवखवायला लागलं. त्यांनी श्वास कोंडला, डोळ्यांत पाणी आलं, तरी आवंढे गिळत बसल्या. मग चपला हातात घेऊन, तोंडाशी रुमाल धरून बाहेर पडल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं, दोन मजले उतरल्या आणि जिन्यात भिंतीला धरून पोटभर खोकल्या.