दुहेरी काच

सूर्याजीच्या नव्या घराच्या भिंती चैत्रातच उभ्या राहिल्या, वैशाखात छतावर दगडी पाटिया, लांब फरश्या, चढल्या, पण खिडक्यांच्या चौकटी रिकाम्याच राहिल्या. सूर्याजी सरकारी ओव्हरसियर. पंधरा वर्षं लोकांच्या कचेऱ्या आणि शाळा बांधण्यात गेलेली. असा माणूस स्वतःच्या घराच्या काचा ठरवायला दोन महिने घेतो, याचं मिस्त्रीला नवल वाटे. त्याच्या बायकोला, शामलेला, वाटत नसे. कारण तिला ठाऊक होतं, निदान तिची तशी समजूत होती.

आदल्या वर्षी, एकोणीसशे पंचावन्नच्या मे महिन्यात, त्यांची मधु गेली होती. तीन वर्षांची पोर. तेव्हा ते ग्वाल्हेरच्या जनकगंजात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. मागची खोली पश्चिमेची. शामला त्या दुपारी गच्चीवर कुरडया घालत होती आणि मधु त्या खोलीत निजली होती. चार वाजता शामला खाली आली तेव्हा पोरीचं अंग तव्यासारखं तापलं होतं, ओठ कोरडे पडले होते आणि डोळे अर्धवट उघडे. टांगा दवाखान्यापर्यंत पोचला, पण उपयोग झाला नाही. लू लागली, उन्हाची झळ बाधली, सगळे म्हणाले. ग्वाल्हेरचा उन्हाळा, दर वर्षी कुणाचं ना कुणाचं लेकरू नेतोच.

त्या खोलीच्या खिडकीला पूर्वी लाकडी झडपा होत्या. झडपा लावल्या की खोलीत काळोख होई आणि मधु घाबरून रडे. म्हणून त्याआधीच्या हिवाळ्यात सूर्याजीने झडपा काढून तिथे काच बसवून घेतली होती. पोर उजेडात शांत झोपू लागली. शामलेनेच तेव्हा म्हटलं होतं, "बरं झालं हो, एवढं सुचलं तुम्हाला."

आता थाटीपूरकडच्या प्लॉटवर घर होत होतं आणि तिथलीही एक खोली पश्चिमेलाच येत होती. शामला म्हणाली होती, "त्या बाजूला खिडकीच नको. सरळ भिंत घाला." सूर्याजीचा मात्र दर रविवारी एक उद्योग सुरू झाला. फळ्यांच्या एकसारख्या तीन पेट्या त्याने ठोकून घेतल्या, कॉलेजातल्या ओळखीच्या मास्तरांकडून तीन थर्मामीटर आणले आणि पेट्या मावळतीकडे तोंड करून नव्या घराच्या गच्चीवर मांडल्या. एकीला साधी काच, दुसरीला फिकट हिरवी, तिसरीला दोन काचा, बाहेरून हिरवी, आतून साधी, मध्ये बोटभर पोकळी. डोक्याला ओला पंचा गुंडाळून तो उन्हात बसे आणि दर अर्ध्या तासाने आकडे टिपून घेई.

साध्या काचेखालचा पारा एकशे अडतीस फॅरनहाइटवर गेला. हिरवीखाली एकशे चोवीस. दुहेरीखाली एकशे तेरा, आणि वर फळीचा छज्जा धरला तर एकशे सहा. म्हणजे सावलीतल्या हवेइतकाच. सूर्याजीने तो आकडा तीनदा तपासला. मग तो तिथेच, तापलेल्या पाटियांवर, मांडी घालून बराच वेळ बसून राहिला. पायाला चटके बसल्याचं त्याला जिना उतरताना कळलं.

पुढच्या आठवड्यात तो शामलेला घेऊन सराफ्याच्या मागच्या गल्लीत गेला. तिथे दौलतसिंहाचं काचेचं दुकान होतं; जनकगंजातली काचही तिथूनच आलेली. शामला यायला तयार नव्हती. "एकदा नजरेखालून घाल, मग हवं तर भिंत घालू," असं म्हणून त्याने तिला नेलं.

दौलतसिंहाने हिरवी काच गादीवर ठेवली, दुहेरी चौकटीचा नकाशा चष्मा वर करून पाहिला आणि मान हलवली.

"अब की बार बात समझ में आई, ओवरसियर साहब," तो भाबडेपणाने म्हणाला. "मैंने तो उस बखत भी हाथ जोड़े थे, पच्छिम में सादा काँच मत लगवाइए, जेठ में कमरा भट्टी हो जाएगा. आप माने ही नहीं."

त्याला मधूचं काही माहीत नव्हतं. तो काचेवरची धूळ पुसत राहिला.

सूर्याजीने शामलेकडे पाहिलं नाही. पाहण्याची त्याची छाती झाली नाही. ती पदर सावरून उठली आणि पायऱ्या उतरून चालू लागली. तो मागून आला, पण महाराज बाड्याच्या चौकातल्या गर्दीतसुद्धा तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

चार दिवस ती त्याचं ताट वाढून आत निघून जाई. पाचव्या दिवशी ताट वाढून समोर बसली आणि शांतपणे विचारलं, "तो म्हणाला ते तुम्ही तेव्हा ऐकलं होतं की नव्हतं?"

"ऐकलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, दुकानदार आहे, महागातलं काही गळ्यात मारतोय. आणि..." त्याचा घास हातातच राहिला. "आणि ती रडायची गं. मला ते ऐकवत नव्हतं."

"रडली असती," शामला म्हणाली. "मला चाललं असतं."

त्याने घास परत ताटात ठेवला. तो म्हणाला, "उद्या मिस्त्रीला भिंत घालायला सांगतो."

"नको. तीच बसवा. दुहेरी." ती ताट उचलून उठली. "तुम्हाला करता येत होतं, हे दिसू दे रोज. तुम्हालाही आणि मलाही. पोरीला तिथे निजवून मीच वर गेले होते."

वर्षभरात तिने ते पहिल्यांदा तोंडातून काढलं होतं. तो उठून तिच्याजवळ जाणार, तोवर तिने स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं.

श्रावणात काचा बसल्या. काम एवढं सुबक झालं की मिस्त्रीने दुसऱ्या घरमालकांना आणून दाखवलं. त्याच सुमारास कचेरीत भोपाळला बदली होणाऱ्यांची यादी लागली. सूर्याजी नोकरीला लागला तो रियासतीत, ग्वाल्हेर संस्थानच्या काळात. अठ्ठेचाळीसला कचेरीची पाटी रंगवून मध्यभारताची झाली, आता मध्यभारतही मोडून नवं राज्य होणार होतं आणि राजधानी भोपाळला. यादीत त्याचं नाव सातवं होतं. एरवी त्याने खटपट केली असती. कुणाकुणाला भेटला असता. या वेळी त्याने हुकुमावर मुकाट सही केली.

"येतेस ना?" त्याने विचारलं.

"घर सोडून कुठे येऊ?" ती म्हणाली. नव्या घरी राहायला येऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता.

ऑक्टोबरच्या अखेरीस तो एकटाच गेला. पत्रं येत-जात राहिली. विहिरीला पाणी आलं, शेजारी कुंपण घालतायत, प्रकृती बरी आहे, एवढाच मजकूर.

सत्तावन्नच्या मे महिन्यात तो आठवड्याची रजा काढून आला. बाहेर लू सणसणत होती, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. शामलेने त्याला गुळाचं पाणी दिलं आणि त्याची पेटी त्या पश्चिमेच्या खोलीत नेऊन ठेवली. "इथे गार असतं," ती म्हणाली. "पडा जरा."

खोलीत एकच खाट होती. हिरवट, मऊ उजेड फरशीवर पडला होता. अशा उजेडात लेकरू संध्याकाळपर्यंत निजलं असतं. सूर्याजी खाटेवर टेकला, पण आडवा होऊ शकला नाही. बाहेर व्हरांड्यात, उन्हाच्या झळांत, शामला तांदूळ निवडत बसली होती.

"तू आत ये ना," त्याने दारातून म्हटलं.

"मी नाही बसत तिथे," ती म्हणाली आणि सुपातले तांदूळ पाखडू लागली.

तोही मग बाहेर येऊन दुसऱ्या खांबाला टेकून बसला. ऊन उतरेपर्यंत दोघं तिथेच घाम पुसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो भोपाळला परत गेला. रजेचे पाच दिवस अजून शिल्लक होते.