बुधरीची विलायत

बुधरी मडावी विलायतेला चालली ही बातमी गडचिरोलीत पसरली, तेव्हा लोकांना आधी ती थट्टाच वाटली. १९५५ सालचा उन्हाळा होता. बुधरी मुलींच्या वसतिगृहात खेळ आणि कवायत शिकवायची. मॅट्रिक झाल्यावर तिनं अमरावतीला जाऊन व्यायामशिक्षणाचा कोर्स केला होता आणि अडखळत का होईना, इंग्रजी बोलायची. इंग्लंडमधली एक संस्था शहरातल्या गरीब घरच्या मुलामुलींना उन्हाळाभर समुद्रकाठी नेऊन ठेवत असे. त्या शिबिरासाठी त्यांना बाहेरदेशातले शिक्षक हवे होते. वसतिगृह चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष गुणवंतराव यांनी बुधरीचं नाव पाठवलं आणि ते मंजूर झालं. तेव्हापासून तिला नीट जेवणही जात नव्हतं. तिथल्या पोरींना कोणते खेळ शिकवायचे, हेच डोक्यात फिरत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी चांद्याला तिचा सत्कार होता. स्टेजमागच्या खोलीत गुणवंतरावांनी एक गाठोडं तिच्या हातात दिलं. तिनं सोडून पाहिलं. आत रंगवलेल्या पिसांचा टोप होता, कवड्यांच्या माळा होत्या आणि वाघाच्या पट्ट्यांसारखं छापलेलं कापड होतं.

"हे काय हाय भाऊ?"

"पोशाख. टेलरकडून मुद्दाम शिवून घेतला. आज स्टेजवर हाच घालायचा. नागपूरहून फोटोवाला आला हाय."

"आमच्यात असा पोशाख कोनी घालत नाई."

"ते मले मालूम नाई का? पन तिथल्या लोकायले असंच पायजे. मी कळवलं हाय त्यायले, आमची पोरगी जंगलातला नाच करून दाखवीन म्हनून."

"मी मास्तरीन म्हनून जाऊन राह्यली ना?"

गुणवंतराव हसले. "मास्तरनी का विलायतेत कमी हायेत? त्या कामासाठी तुले काऊन बोलावतील ते?"

बुधरीचे कान तापले. तिनं टोप खुर्चीवर टाकला. "मी नाई घालनार."

गुणवंतराव चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे तिच्या बापाला आत बोलावलं. दसरू ऐन तेंदूपत्त्याचा हंगाम सोडून पोरीला निरोप द्यायला आला होता. त्याच्या गावाचं जंगलखात्यात काही अडलं, की गुणवंतराव रेंज ऑफिसात शब्द टाकत. दसरूला ते विसरता येत नव्हतं.

"घाल ना बाई," तो हलक्या आवाजात म्हणाला. "घडीभराचं काम हाय. भाऊचं मन मोडू नोको."

"बाबा, आपल्या गावात हे कोन घालते? माय घालते? तू घातला कधी?"

"नाई."

"मंग?"

दसरूनं मान खाली घातली. गुणवंतरावांचा आला नव्हता इतका राग बुधरीला त्या खाली गेलेल्या मानेचा आला.

ती आपल्या रोजच्या काठापदराच्या लुगड्यातच स्टेजवर गेली. गुणवंतरावांनी भाषण ठोकलं. रानातल्या अंधारातून मंडळानं कसं एक रत्न बाहेर काढलं, वगैरे. त्यांचं बोलणं संपायच्या आधीच बुधरी उठली आणि मोठ्यानं म्हणाली, "मी खेळ शिकवते. खेळ शिकवायलेच चालली. नाचायले नाई." मग जाऊन खुर्चीवर बसली. टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. फोटोवाला कॅमेऱ्याचं झाकण लावून चहा प्यायला निघून गेला.

पासपोर्ट आणि तिकीट तिच्याजवळ होतं म्हणून जाणं रद्द झालं नाही. स्टेशनवर एकटा दसरू आला. खिडकीचा गज धरून उभा राहिला. गाडी हलली तेव्हा त्यानं गज सोडला.

बोटीवर थंडी वाजायला लागली तेव्हा तिनं मंडळानं भरून दिलेली पेटी उघडली. स्वेटरखाली तोच टोप होता. माळा होत्या, पट्ट्यांचं कापडही होतं. ती तशीच वर डेकवर गेली आणि सगळं समुद्रात फेकलं. माळा लगेच बुडाल्या. टोप मात्र लाटांवर बराच वेळ हेलकावत राहिला. तो बुडत नाही याचाही तिला राग आला.

शिबिर एका टेकडीवर होतं. तंबू ओळीनं लावलेले, खाली करडा समुद्र. शिबिराच्या मुख्य बाई मिस पॉवेल उंच, कामसू आणि सतत घाईत असलेल्या. त्यांनी बुधरीशी हात मिळवला, प्रवास कसा झाला विचारलं आणि लगेच म्हणाल्या, "तुमचा पोशाख कुठं आहे? मुलं वाट पाहतायत."

"समुद्रात," बुधरी म्हणाली.

मिस पॉवेलना वाटलं, हिला इंग्रजी कळलं नाही. त्यांनी पुन्हा सावकाश विचारलं. बुधरीनंही पुन्हा सावकाश तेच उत्तर दिलं.

"मग तुम्ही इथं करणार काय?"

"हे आधी विचारायला हवं होतं. मी खेळ शिकवते."

मिस पॉवेलनी ओठ आवळले आणि मोठ्या मुलींचा तंबू तिच्या गळ्यात मारला. तो कोणालाच नको होता. लंडनच्या गोदीकडच्या वस्तीतल्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरी, तोंडानं फटकळ, कोणाचं न ऐकणाऱ्या. बुधरीनं त्यांना मैदानावर बोलावलं, तर त्या कुंपणावर बसून राहिल्या.

"तुझी पिसं कुठंयत?" डोरीन नावाची एक लालकेसी मुलगी ओरडली. बाकीच्या तोंडावर हात मारत किंचाळायला लागल्या, रानटी लोक ओरडतात म्हणे तसं.

चांद्यापासून दाबून ठेवलेलं सगळं त्या क्षणी फुटलं. इंग्रजी आठवेना. बुधरी आपल्याच बोलीत कडाडली, "चूप बसा! का समजता तुमी मले? मी तमाशा दाखवायले आली काय इथी? सर्कशीतलं जनावर हाय काय मी?"

पोरींना एक अक्षर कळलं नाही, पण आवाज कळला. तोंडावरचे हात खाली आले. डोरीन कुंपणावरून उतरली. तिचाही चेहरा लाल झाला होता.

"आमच्यावर कशाला ओरडतेस?" ती म्हणाली. "आम्ही तरी कोण आहोत? उद्या देणगीवाल्या बायका येणार. आम्ही फाटके कपडे घालून ओळीत उभं राहायचं आणि आभाराचं गाणं म्हणायचं. नवे कपडे त्या गेल्यावर मिळतात. दर वर्षी असंच असतं."

बुधरीला वाटलं, आपल्याला नीट समजलं नसावं. "फाटके? मुद्दाम?"

"पेटीत ठेवलेले असतात. मागच्या वर्षी मला त्यातलाच एक पोरग्याचा बूट घालायला लावला, पुढून तोंड उघडलेला. सगळ्या बायका माझ्या पायाकडं बघत होत्या."

डोरीन रडत नव्हती. मुठी आवळून उभी होती. बुधरीचा राग कमी झाला नाही. आता त्याला फक्त दुसरी दिशा मिळाली.

दुसऱ्या दिवशी देणगीवाल्या बायकांच्या मोटारी टेकडी चढत होत्या, तेव्हा मोठ्या मुलींचा तंबू रिकामा होता. बुधरी त्यांना घेऊन खाली वाळूत उतरली होती. काठीनं रेघ ओढून तिनं दोन बाजू पाडल्या आणि हुतूतू शिकवायला सुरुवात केली. डोरीन दम धरून पलीकडे घुसली, तिघींनी तिला आडवं पाडलं, तोंडात वाळू गेली. वरून शिट्ट्या वाजत होत्या, नावानं हाका येत होत्या. एकीनंही वर पाहिलं नाही.

शेवटी मिस पॉवेल स्वतः खाली आल्या. मुलींसमोरच म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला तोंडघशी पाडलंत. यांच्या जेवणाचा खर्च त्या बायका उचलतात, हे माहीत आहे तुम्हाला?"

"त्यांना इथं बोलवा. खेळ बघू दे. पण पोरी नव्या कपड्यांत खेळतील."

"ते ठरवणाऱ्या तुम्ही कोण?"

"यांची मास्तरीण."

पाहुण्या खाली आल्या नाहीत. पुढचा सगळा उन्हाळा मिस पॉवेल बुधरीशी कामापुरतंच बोलल्या. पुढच्या वर्षी तुमची गरज नाही, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. फाटक्या कपड्यांची पेटी मात्र त्या वर्षी पुन्हा बाहेर निघाली नाही. मोठ्या मुली संध्याकाळी दिवे लागेपर्यंत वाळूत खेळायच्या आणि हरल्या की एकमेकींना घाण शिव्या द्यायच्या. त्या शिव्या बुधरीनंही शिकून घेतल्या.

ती गडचिरोलीला परत आली, तेव्हा वसतिगृहात तिच्या जागी सुगंधाबाई म्हणून दुसरी बाई कवायत घेत होती. गुणवंतराव म्हणाले, "तुह्या रागानंच तुहा घात केला बाई."

"माह्या रागानं नाई भाऊ, तुमी केला," बुधरी म्हणाली आणि पेटी उचलून निघाली.

सिरोंच्याच्या शाळेत तिला काम मिळालं. तिथल्या पोरी तेलुगू बोलायच्या. तिला त्यांचं निम्मं कळायचं, त्यांना तिचं त्याहून कमी. ती रुजू होऊन फार दिवस झाले नव्हते. एका दुपारी कोणी साहेब तपासणीला येणार म्हणून हेडमास्तरांनी पोरींना आरतीची ताटं घेऊन अनवाणी उन्हात उभं केलं. साहेबांचा अजून पत्ता नव्हता. पोरींचे पाय भाजत होते, त्या एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या.

बुधरीनं ते खिडकीतून पाहिलं. तिनं पदर कमरेला खोचला आणि ताडताड बाहेर निघाली.